१९ फुटी, ३२ फुटी, ४० फुटी... गाडीची खरी मापं कशी विचारायची?

कुपवाडचा_फॅब्रिकेटर

नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत माझं छोटं फॅब्रिकेशनचं शेड आहे, एसएसच्या (स्टेनलेस स्टीलच्या) टाक्या, कन्व्हेयर, फ्रेम वगैरे कामं करतो. माल बनवायला मला अडचण येत नाही पण माल पोचवायला दर वेळी येते, म्हणून हा धागा काढलाय.

मागच्या महिन्यात एक मशीन भिवंडीला पाठवायचं होतं. उंची ७ फूट १० इंच. ट्रान्सपोर्टवाल्याला विचारलं तर म्हणाला ३२ फुटी कंटेनर पाठवतो, आत ८ फूट उंची आहे, आरामात बसेल. गाडी आली, हायड्रा (चाकांवरची छोटी क्रेन) बोलावून ठेवला होता, मशीन उचललं आणि दारापाशी अडकलं. आत ८ फूट होती बरोबर, पण दाराची वरची पट्टी खाली येते ना, तिथं जेमतेम ७ फूट ७ इंच मिळत होते. अर्धा दिवस गेला, हायड्राचं भाडं गेलं, गाडी रिकामी परत गेली तिचंही भाडं द्यावं लागलं, आणि माल दोन दिवस उशिरा पोचला. त्या ट्रान्सपोर्टवाल्याला दोष देत बसत नाही, मीच दाराचं माप विचारलं नव्हतं.

आता पुढचं काम मोठं आहे. रत्नागिरीला आंब्याच्या पल्पसाठी एक आडवी टाकी चाललीय. लांबी ६.२ मीटर, इन्सुलेशन आणि वरच्या पत्र्यासकट व्यास २.५ मीटर, खाली २० सेंटिमीटरचे पाय, वर मॅनहोल २५ सेंटिमीटर. म्हणजे एकूण उंची २.९५ मीटर. एका बाजूला लेव्हल गेजची नळी १२ सेंटिमीटर बाहेर येते. वजन सव्वातीन टनाच्या आसपास. एक जण म्हणतो २२ फुटी आयशर बास, दुसरा म्हणतो ट्रेलरच लागंल, तिसरा ओडीसी परमिट, म्हणजे मापाबाहेरच्या मालाची परवानगी, काढा म्हणतोय. जाणकारांनी प्लीज नीट समजावून सांगा, टाकी अजून शेडमध्येच आहे, वेल्डिंग थोडं बाकी आहे.

कळंबोलीचा_चाकवाला

दादा, पहिलं एक डोक्यात पक्कं धरा. १४ फुटी, १७ फुटी, १९ फुटी ही गाडीची नावं आहेत. जसं आपण ४०७ म्हणतो तसं. हौद्याच्या आत टेप लावला की १९ फुटीत कधी १८ फूट ८ भरतात कधी १९ फूट २. बॉडी बांधणारा वेगळा, लाकडी बॉडी वेगळी, लोखंडी वेगळी, मागच्या फाळक्याची (हौद्याच्या उघडणाऱ्या बाजूची) जाडी वेगळी. मी २२ वर्षं गाडी मारली, आता स्वतःच्या तीन आहेत, आणि अजूनही पार्टीनं लांब माल सांगितला की मी टेप घेऊन हौद्यात चढतो, मगच हो म्हणतो.

ढोबळ सांगतो, हे पकडून चाला पण छापील समजू नका. छोटा हत्ती आत ७ फूट लांब आणि पावणेपाच-पाच फूट रुंद, पाऊण टन. पिकअप ८-९ फूट, सव्वा ते दीड-पावणेदोन टन. ४०७ नऊ-दहा फूट, अडीच टनापर्यंत. १४ फुटी आत ६ फूट रुंद, चार टनाच्या आसपास. १७ फुटी पाच टन. १९ फुटी आत ७ फूट रुंद, सात टन. २२ फुटीची रुंदी साडेसात फूट धरा. ३२ फुटी कंटेनर दोन प्रकारचा येतो आणि इथं लोक फार फसतात, सिंगल ॲक्सल सात-साडेसात टन आणि मल्टी ॲक्सल चौदा-साडेचौदा टन. दोन्हीचा डबा तेवढाच, खाली चाकं वेगळी. कापूस, फर्निचर, चिप्सची पाकिटं असला हलका माल असेल तर सिंगल स्वस्त पडते, लोखंड असेल तर मल्टी घ्या.

तुमची टाकी २.५ मीटर म्हणजे ८ फूट अडीच इंच. २२ फुटीच्या फाळक्यांमध्ये ती बसणारच नाही, विषय संपला. फाळक्यांच्या वर ठेवून दोरखंडानं बांधू असं कोणी सांगत असेल तर त्याला गाडी देऊ नका, सव्वातीन टनाचा गोल माल फाळक्यावर टेकवून अंबा घाट उतरायचा म्हणजे जिवाशी गाठ आहे.

पासिंगवाला_कोल्हापूर

नियमाचं मी सांगतो, आरटीओच्या कामातच आयुष्य गेलंय माझं.

केंद्रीय मोटार वाहन नियमांमधला ९३ वा नियम मापांचा आहे. २०२० च्या जूनमध्ये तो बदलला. रुंदी मालवाहू गाडीला २.६ मीटर, म्हणजे साडेआठ फूट. साध्या ट्रकची लांबी १२ मीटर, म्हणजे ३९ फूट ४ इंच. घोडा (ट्रेलर ओढणारी पुढची इंजिन-केबिनची गाडी) आणि ट्रेलर मिळून १८.७५ मीटर, म्हणजे साडेएकसष्ट फूट. उंची आधी ३.८ मीटर होती ती मालवाहू गाडीला ४ मीटर केली, म्हणजे १३ फूट दीड इंच. ही उंची जमिनीपासून मालाच्या टोकापर्यंत धरायची. खूप जणांना वाटतं फक्त बॉडी मोजतात.

ट्रेलरवर आयएसओ कंटेनर, म्हणजे जहाजावर जाणारा ठरावीक मापाचा डबा, असेल तर ४.५२ मीटरपर्यंत चालतं. मोटारी वाहून नेणारे जे ट्रेलर असतात, चाकणहून निघतात ते, त्यांना ४.७५ मीटर. आता तुमची टाकी साध्या ट्रेलरवर ठेवली तर ट्रेलरचा पाट (माल ठेवायचा तळ) जमिनीपासून दीड मीटर, वर टाकी २.९५, झाले ४.४५ मीटर. कोणीतरी तुम्हाला नक्की सांगेल की ४.५२ च्या आत आहे, जाऊ दे. तसं नाही. ४.५२ कंटेनरला आहे, टाकीला नाही. टाकी ४ मीटरमध्येच बसली पाहिजे, नाहीतर ओडीसीची परवानगी.

आणि दंड किरकोळ राहिला नाही आता. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये माल बाजूला, पुढे, मागे किंवा उंचीला मापाबाहेर गेला तर २० हजार, वर माल उतरवून घ्यायचा खर्च तुमचाच. वजन जास्त असेल तर २० हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार वेगळे. मागं लोखंडी सळया बाहेर काढून न्यायची जी १ मीटरची सवलत होती ती २०१४ सालीच काढून टाकलीय, तरी अजून रोज संध्याकाळी सळया लोंबत असलेल्या गाड्या दिसतात आणि मागून येणारा दुचाकीवाला त्याच्यावर जातो. लाल फडकं बांधलं की झालं असं समजू नका कोणी, हात जोडून सांगतो.

कुपवाडचा_फॅब्रिकेटर

बापरे, ४.५२ वाला मुद्दा मला दोघांनी खरंच सांगितला होता. बरं झालं विचारलं.

टाकी आडवी फिरवून मॅनहोल बाजूला केलं तर? उंची २५ सेंटिमीटर कमी होईल.

पासिंगवाला_कोल्हापूर

उंची कमी होईल पण रुंदी २.५ अधिक ०.२५ म्हणजे २.७५ होईल. २.६ च्या बाहेर. आणि पाय तिरके होतील, टाकी टेकवणार कशावर?

उरणकर_यार्ड

कंटेनरचा विषय निघालाच आहे तर माझं थोडं. मी उरण भागात कंटेनर यार्डात काम करतो, रोज शेकडो डबे हाताखालून जातात.

दाराचा जो अनुभव तुम्हाला ३२ फुटीत आला तो जहाजाच्या कंटेनरमध्ये पण येतो. ४० फुटी साधा कंटेनर बाहेरून १२.१९२ मीटर लांब, २.४३८ रुंद, २.५९१ उंच. आत उंची साधारण २.३९ मिळते पण दारात २.२८ च. हाय क्यूब, म्हणजे जास्त उंचीचा डबा, बाहेरून २.८९६, आत २.६९ च्या आसपास आणि दारात २.५८. रुंदीला दारात २.३४. म्हणजे आतल्या मापात आणि दारात दहा-अकरा सेंटिमीटरचा फरक धरूनच चालायचं. एक्स्पोर्टवाले नवीन लोक आतलं माप बघून लाकडी खोकी बनवतात आणि इथं यार्डात येऊन सुतार शोधतात, दर आठवड्याला एक तरी केस असते.

दुसरं म्हणजे २० फुटी आणि ४० फुटीमध्ये लोकांचा समज असतो की ४० म्हणजे दुप्पट वजन. नाही हो. दोन्हीचं एकूण वजन आजकाल ३०.४८ टनापर्यंत असतं. २० फुटी रिकामा सव्वादोन टन आणि ४० फुटी पावणेचार टन, म्हणजे खरं तर वजनदार मालाला २० फुटीतच जास्त माल बसतो. ग्रॅनाइट, लोखंडाची कॉइल, केमिकलचे ड्रम हे सगळं २० फुटीत जातं. ४० फुटी हाय क्यूब जागेसाठी, ७६ घनमीटर मिळतात. तुमच्या रस्त्यावरच्या ३२ फुटीत ८ बाय ८ धरलं तर २०४८ घनफूट, म्हणजे ५८ घनमीटर होतात. रस्त्यावरचा ३२ फुटी आणि जहाजाचा ४० फुटी यांचा काही संबंध नाही, नवीन लोक ४० फुटीला ३२ फुटीचा मोठा भाऊ समजतात.

शिरोळचा_ऊसवाला

फुटांचं झालं आता आमच्या ब्रासचं पण कोणतरी सांगा. घर बांधतोय, वाळूवाला म्हणतोय हायवा (डंपर) पूर्ण भरून पाच ब्रास टाकतो. गाडी बघितली तर हौदा काठोकाठ नव्हता. ब्रास मोजायचा कसा?

कळंबोलीचा_चाकवाला

भाऊ, १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. हौद्याची आतली लांबी, रुंदी आणि वाळू किती उंच आहे ते फुटांत मोजा, तिन्ही गुणा, १०० ने भागा. हौदा १५ फूट लांब, साडेसात रुंद आणि वाळू ३ फूट असेल तर ३३७ घनफूट, म्हणजे ३.३७ ब्रास. मधी शीग असते तेव्हा चार कोपऱ्यांत काठी खुपसून उंची घ्या आणि सरासरी काढा. घरी ट्रक खाली करायच्या आधी मोजायचं, खाली केल्यावर काही हाती राहत नाही.

पण एक गोष्ट कान देऊन ऐका. १ ब्रास वाळू कोरडी असेल तर साडेचार टन, ओली असेल तर जास्तच. दहा चाकी डंपर २८ टन पासिंगचा, त्यात गाडीचं स्वतःचं वजन वजा केलं तर १७ टनाच्या आसपास माल उरतो. म्हणजे चार ब्रासच्या आतच. आणि १४ घनमीटरचा हौदा काठोकाठ भरला तर पावणेपाच-पाच ब्रास बसतात, २२ टन. हौद्यात बसतंय म्हणून गाडीला चालतंय असं नसतं. हौदा खडी-वाळूच्या मानानं मोठाच बांधलेला असतो, कारण तोच हौदा उद्या हलकी माती नाहीतर राखपण नेतो. तेव्हा पाच ब्रास देतो म्हणणारा एकतर कमी देतोय नाहीतर जास्त भरून आणतोय, आणि जास्त भरून आणला की तुमच्याच गावाचा रस्ता पहिल्या पावसात उखडतो.

पासिंगवाला_कोल्हापूर

यात भर घालतो. २०१८ च्या जुलैमध्ये केंद्रानं ॲक्सलचं वजन वाढवलं. पुढचा ॲक्सल ६ चा ७ टन झाला, मागचा चार टायरचा १०.२ चा ११.५, जोड ॲक्सल १९ चा २१, तीन ॲक्सलचा गट २४ चा २७. म्हणून सहा चाकी गाडी १६.२ ची १८.५ टन झाली, दहा चाकी २५ ची २८, आणि मोठा ट्रेलर ४९ चा ५५ टन. जुन्या गाडीला मात्र तिच्या आरसी बुकावर जे लिहिलंय तेच धरायचं, बोनेटवरचा आकडा बघून अंदाज करू नका.

बोनेटवरच्या आकड्याची गंमत माहीत आहे का कोणाला? टाटा १६१३ म्हणजे १६ टन आणि १३० हॉर्सपॉवर. २५१८ म्हणजे २५ टन आणि १८०. ३११८ म्हणजे ३१ टन. पहिले दोन आकडे एकूण वजन, मागचे दोन ताकद. रस्त्यावर उभं राहून गाडीकडं बघितलं तरी कळतं की ही किती वजनाची आहे. आता २०१८ नंतर २८, ३५, ४२, ५५ असे आकडे दिसतात ते त्याचमुळं.

शिरोळचा_ऊसवाला

हे ब्रासचं लिहून ठेवलं. आणि त्या गाडीच्या आकड्याचं तर आयुष्यात कोणी सांगितलं नव्हतं, लहानपणापासून १६१३ म्हणतोय.

आमच्याकडं हंगामात ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या लावून ऊस जातो. रुंदीचं कोणी बघतच नाही, ऊस दोन्ही बाजूला बाहेर आलेला असतो, रात्री मागच्या ट्रॉलीला दिवा नाही रिफ्लेक्टर नाही. गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या गावातला पोरगा गेला असाच. ट्रॉली किती लांब किती रुंद हे पासिंग करताना लिहिलेलं असतं, पण ऊस भरल्यावर ती किती रुंद होते हे कोण मोजणार. मी माझ्या ट्रॉल्यांना दोन्ही कडांना आणि मागं लाल-पांढऱ्या पट्ट्या लावल्यात, दीड हजारसुद्धा लागले नाहीत. सगळ्यांनी लावा रे, एवढंच मागणं आहे.

ऱ्हाईनकाठची_मराठी

मी जर्मनीत एका लॉजिस्टिक्स ऑफिसमध्ये गाड्यांचं प्लॅनिंग करते, मूळची इचलकरंजीची. हा धागा वाचून राहवलं नाही.

इथे उंची सरसकट ४ मीटर, रुंदी २.५५, फ्रीजच्या गाडीला २.६०. घोडा-ट्रेलर १६.५० मीटर आणि ट्रक मागे जोडगाडी असेल तर १८.७५. वजन साधारण ४० टन. म्हणजे आपल्याकडचं ५५ टनाचं ट्रेलर इथे चालणार नाही, आणि १८.७५ हा आकडा दोन्हीकडे आहे पण तो वेगवेगळ्या गाडीला लागू आहे.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. इथे गिऱ्हाईक फोन करून २४ फुटी गाडी द्या असं म्हणतच नाही. तो म्हणतो मला सहा लोडिंग मीटर हवेत. म्हणजे गाडीच्या पाटावर पूर्ण रुंदीनिशी सहा मीटर लांबीची जागा. पडदावाला जो नेहमीचा ट्रेलर असतो तो आत १३.६ मीटरचा, त्यात युरो पॅलेट (माल रचायचे ठरावीक मापाचे लाकडी पाट) ३३ बसतात, हे प्रत्येकाला पाठ असतं. त्यामुळे भांडण होत नाही, कारण गाडीचं नाव मध्ये येतच नाही, मालाचं माप मध्ये येतं. मला वाटतं आपल्याकडेही माल पाठवणाऱ्याने गाडी मागायचीच नाही, मालाची लांबी, रुंदी, उंची, वजन आणि तो वरून, बाजूने की मागून चढणार हे सांगायचं. गाडी कुठली ते ट्रान्सपोर्टवाला ठरवेल आणि चुकला तर जबाबदारीही त्याचीच राहील.

कळंबोलीचा_चाकवाला

ताई एकदम बरोबर बोललात. माझ्याकडं येणाऱ्या दहातल्या आठ फोनमध्ये "१९ फुटी आहे का, भाडं किती" एवढंच असतं. माल काय विचारलं तर "आहे असंच लोखंडी काहीतरी".

नवीन_पुणेकर

थोडं विषयाबाहेर, सॉरी. पुण्याहून बंगळूरला घर शिफ्ट करतोय, २ बीएचके, वॉशिंग मशीन, फ्रीज, डबल बेड, दोन कपाटं, चाळीस-पन्नास खोकी. पॅकर्सवाला १९ फुटीचे पैसे लावतोय, गरज आहे का?

कळंबोलीचा_चाकवाला

१४ फुटीत बसतं बहुतेक वेळा, बेड आणि कपाटं सुटी होत असतील तर. होत नसतील किंवा सोबत बाईक असेल तर १७ फुटी. १९ ची गरज नाही. फक्त तुमच्या सोसायटीच्या गेटची कमान आणि पार्किंगच्या रॅम्पची उंची बघून घ्या, बंद बॉडीची १४ फुटीपण कित्येक सोसायट्यांत आत जात नाही आणि मग हमाल रस्त्यापासून वाहतूक वेगळी लावतात.

कुपवाडचा_फॅब्रिकेटर

माझ्या टाकीकडं परत या की मंडळी 🙏 आता मला कळलंय की २२ फुटी नाही, साधा ट्रेलर नाही. मग लो-बेड, म्हणजे जमिनीलगतच्या पाटाचा ट्रेलर?

कळंबोलीचा_चाकवाला

हो, लो-बेडच. त्याचा मधला पाट जमिनीपासून ९० सेंटिमीटर ते १ मीटर असतो. १ मीटर धरा, वर तुमचे २.९५, झाले ३.९५. चार मीटरच्या आत पाच सेंटिमीटर. हे पाच सेंटिमीटर मला पुरेसे वाटत नाहीत, कारण खाली लाकडी ओंडके टाकणार तुम्ही, ते धरलेत का?

ओंडके दहा सेंटिमीटरचे टाकले तर ४.०५ झाले की.

कुपवाडचा_फॅब्रिकेटर

नव्हते धरले. खरंच नव्हते धरले.

मॅनहोलचं झाकण आणि त्याचा फिरता दांडा बोल्टवर आहे, तो सुटा करून वेगळा पाठवला तर वरचे १० सेंटिमीटर कमी होतात. तोंडावर प्लायवूड आणि रबर टाकून बंद करता येईल.

पासिंगवाला_कोल्हापूर

मग २.८५ अधिक ओंडके ०.१० अधिक पाट १ मीटर, ३.९५. आणि ओंडक्यांऐवजी पायांखाली २ सेंटिमीटरची रबर मॅट टाकून पाय सरळ पाटाला बोल्टनं किंवा अँगल वेल्ड करून धरले तर ३.८७. ते जास्त चांगलं, गोल माल आहे, घसरायला नको.

आता रुंदी. २.५ अधिक बाजूची नळी १२ सेंटिमीटर म्हणजे २.६२. दोन सेंटिमीटरसाठी कोणी अडवणार नाही असं म्हणतील, पण अडवलं तर २० हजार. आणि ती नळी घाटात समोरच्या एसटीच्या आरशाला लागली तर तुमची इन्सुलेशनची अख्खी कडा फाटंल. वेल्डिंग बाकी आहे म्हणालात ना?

कुपवाडचा_फॅब्रिकेटर

हो! नळीचा फ्लॅंजच अजून लावला नाहीये. ५ सेंटिमीटरचा तुकडा ठेवून तिथं फ्लॅंज देतो, उरलेला पाइप साइटवर बोल्टनं जोडू. म्हणजे २.५५. हे ड्रॉइंगच्या वेळीच सुचायला हवं होतं. पुढच्या टाकीपासून ड्रॉइंगवर गाडीचा चौकोन काढूनच सुरुवात करणार, ४ मीटर बाय २.६ चा.

कळंबोलीचा_चाकवाला

हे तुम्ही बेस्ट बोललात. गाडीचा चौकोन ड्रॉइंगवर.

आता लो-बेडवाल्याला फोन करताना हे विचारा. मधल्या सपाट भागाची लांबी किती, कारण पुढं मान वर जाते आणि मागं चाकांवर पाट पुन्हा उंच होतो, तुमचे ६.२ मीटर पूर्ण सपाट भागात बसले पाहिजेत, एक पाय जरी मागच्या उंचवट्यावर गेला तर सगळं गणित कोसळलं. पाटाची उंची भरलेल्या गाडीची विचारा आणि रिकाम्या गाडीची पण.

आणि हे रिकाम्या गाडीचं काय ते सांगतो, कारण यावर माझा स्वतःचा अनुभव आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी हाय क्यूब कंटेनर घेऊन एका गावातून जाताना वेशीवरच्या कमानीखालनं गाडी हळू नेली, निघाली, चार बोटं जागा होती. परत येताना तोच डबा रिकामा, आणि गाडी कमानीत अडकली. रिकामी गाडी पाट्यांवर (चाकांवरच्या स्प्रिंगांवर) उचललेली असते, माल असला की दबते. दोन-तीन इंचांचा फरक पडतो. सगळ्या टायरमधली हवा थोडी थोडी सोडली तेव्हा मागं घेता आली, तोवर गावातली अर्धी वाहतूक माझ्यामुळं थांबली होती आणि एक ॲम्ब्युलन्स वळवावी लागली. ते मला आजपण आठवतं. तेव्हापासून जाताना आणि येताना दोन्ही उंच्या मी केबिनमध्ये खडूनं लिहून ठेवतो.

अजून एक म्हणजे पुलावर लिहिलेली उंची. ती बोर्ड लावला त्या दिवसाची असते. नंतर डांबराचे दोन थर चढले की चार-पाच इंच गेले, बोर्ड तोच. शंका आली की उतरा आणि काठी लावा.

उरणकर_यार्ड

रेल्वे फाटकाचं पण सांगा त्यांना. जिथं वरून वीज गेलीय तिथं फाटकाच्या दोन्ही बाजूला उंचीचा लोखंडी अडसर असतो, त्यावर बहुतेक ४.६७ मीटर लिहिलेलं असतं. ३.८७ ला काही प्रश्न नाही. पण बघा, मोटारींच्या ट्रेलरला कायद्यानं ४.७५ चालतं आणि फाटकावर ४.६७, म्हणजे गाडी कायद्यात बसते आणि रस्त्यात बसत नाही. म्हणून रूट बघितल्याशिवाय फक्त नियमाचा आकडा धरून कोणी निघू नये.

शिरोळचा_ऊसवाला

रत्नागिरीला म्हणजे कोल्हापूर, मलकापूर, अंबा घाट, साखरपा. दुसरीकडनं नेऊ नका. अणुस्कुऱ्याच्या वळणात लो-बेड म्हणजे तासभर रस्ता बंद.

कळंबोलीचा_चाकवाला

बरोबर, अंबाच. पण लो-बेडचं पोट जमिनीच्या जवळ असतं आणि घोड्यापासून मागच्या चाकापर्यंत अंतर लांब, त्यामुळं वळणावर रस्ता मध्ये फुगलेला असेल तिथं आणि उंच स्पीडब्रेकरवर पोट टेकतं. शिवाय वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या मार्गावरून जात नाहीत, आतल्या बाजूला कापतात, जेवढा ट्रेलर लांब तेवढी जास्त. ड्रायव्हर हे जाणतोच, पण मागं एक माणूस गाडी घेऊन ठेवा, वळणावर समोरची गाडी थांबवायला. पहाटे घाटात पोचेल अशा बेतानं निघा, धुक्याचे दिवस नसतील तर. आणि चौपदरीकरणाचं काम जिथं असेल तिथल्या डायव्हर्जनची रुंदी आदल्या दिवशी कोणाला तरी बाईकवर पाठवून बघून घ्या, पाचशे रुपयाचं पेट्रोल जाईल पण डोक्याला ताप नाही.

ऱ्हाईनकाठची_मराठी

आणि माल चढवल्यावर जमिनीपासून सगळ्यात उंच टोकापर्यंत मोजून फोटो काढून ठेवा, टेप दिसेल असा. आम्ही दर खास मालाचा काढतो. वाटेत कोणी विचारलं तर दाखवता येतो.

कुपवाडचा_फॅब्रिकेटर

मंडळी, अपडेट. काल रात्री टाकी चढली.

लो-बेडवाल्याशी बोलताना मी गाडीचं नावच घेतलं नाही, मालाची मापं आणि वजन सांगितलं, आणि तुम्ही सांगितलेले सगळे प्रश्न कागदावर लिहून एकेक विचारले. पहिल्या दोघांना सपाट भागाची लांबी सांगता आली नाही, त्यांना नाही म्हटलं. तिसऱ्यानं स्वतः टेप लावून व्हिडिओ पाठवला, ६.८ मीटर सपाट, पाट ९६ सेंटिमीटर. झाकण काढलं, नळी आखूड केली, रबर मॅट टाकली. हायड्रानं पाऊण तासात टाकी बसली. जमिनीपासून वरच्या टोकापर्यंत मोजलं तर ३.८२ मीटर, रुंदी २.५५. टेप धरून फोटो काढलाय. पहाटे तीनला गाडी निघाली, मी मागं पोरांना घेऊन बोलेरोत होतो. मलकापूरला चहा घेतला, घाट दीड तासात उतरलो, दोन वळणांवर समोरची एसटी थांबवावी लागली, ड्रायव्हरनं हात करून थांबवली पण, बिचाऱ्यानं काही कटकट केली नाही. नऊ वाजता साइटवर.

आता इथं गेटची रुंदी ३ मीटर आहे आणि लो-बेड वळायला जागा नाही, समोरच्या आंब्याच्या बागेचा मालक कुंपणाचे दोन खांब काढू देतो म्हणतोय. सरळ रिव्हर्स घ्यावा की आधी रस्त्यावरच क्रेननं उतरवावी?

कळंबोलीचा_चाकवाला

रस्त्यावर उतरवू नका, खाली पाय टेकायला पक्की जमीन नाही तिथं. खांब काढा, रिव्हर्सच घ्या, ड्रायव्हरच्या बाजूनं वळण ठेवा म्हणजे त्याला मागचं चाक आरशात दिसतं. एक माणूस आतल्या चाकापाशी, एक मानेपाशी, आणि शिट्टी एकाच्याच हातात द्या. झालं की कळवा, मी फोनवर आहे.

कुपवाडचा_फॅब्रिकेटर

घेतली आत. खांब परत पुरून दिले. टाकी पायावर बसली, आता मॅनहोलचं झाकण लावतोय.